तिथीची पाऊणपट

वडाळ्याच्या जुन्या मिठागरांमागे
जिथे रस्ता गेल्या दिवाळीपासून
परातीसारखा खोलगट होत चाललाय,
तिथे रात्री अकराला
पाष्टे डांबरावर सळई टेकवतात
आणि वरच्या टोकाला कान लावतात,
उजवा. डावा पंपहाऊसनं नेला, पंचवीस वर्षांमागे.

"श्श," म्हणतात मला.
मी काही बोललेले नसते.

माझ्याकडे नकाशा आहे.
त्यात पाण्याची वाहिनी निळी,
शाळेतल्या पट्टीनं मारल्यासारखी सरळ;
वरून विजेची लाल, बाजूनं गॅसची पिवळी,
खालून मैल्याची, तिला रंगच दिलेला नाही.
जमीन नकाशात नाही.
मधला कोरा कागद म्हणजे जमीन
असं धरून चालायचं.

जेसीबीनं डांबर सोललं.
खाली खडी, त्याखाली आधीचा रस्ता,
त्याखाली भराव: विटांचे तुकडे, कपाचा कान,
कुठल्याशा गिरणीचा जळका कोळसा,
एक चप्पल.
मग ती आली. काळी, तुकतुकीत,
हाताला लोण्यासारखी.
भिजली की सुजते, सुकली की तडकते,
वर जे ठेवाल ते
घाई न करता गिळते.
यंदा मार्चपासून नुसती भाजत होती.
आक्रसली, सरकली,
आणि दोन सांध्यांच्या मध्ये वाहिनी
अधांतरी:
खालून हात घातला
तर पलीकडे शमशूच्या हाताला लागला.

तळाशी पाणी होतं.

पाष्ट्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं.
"साहेबांना सांगू नका."
साहेब म्हणजे मीच.

गोडं निघालं तर आपलं,
क्लॅम्प लावायचा, घरी जायचं.
घाण निघालं तर मलनिस्सारणवाल्यांचं,
फोन करायचा, ते उचलत नाहीत.
पाष्टे थुंकले.
"खारं."

पंप लावला. पाणी वीतभर उतरलं,
थांबलं, उलट चढू लागलं.
शमशू पंपाच्या खानदानाचा उद्धार करू लागला.
पाष्टे बोटांच्या पेरांवर काही मोजत होते.
"आज तृतीया. तिची पाऊणपट सव्वादोन.
तोवर चढणारच. बंद कर, डिझेल जाळू नकोस."
मामाची होडी याच हिशोबावर सुटायची, म्हणाले,
हर्ण्याला.

खाडी इथून दोन किलोमीटर.
मध्ये गोदामं, रुळांची जाळी, सात टॉवर,
त्यांचे प्रत्येकी तीन मजले तळघर.
आणि आम्ही तिघं नऊ फुटांच्या खड्ड्याकाठी
टॉर्च धरून
भरतीची वाट बघत बसलेलो.

दोनला वाहिनीच्या पोटाला पाणी लागलं.
सव्वादोनला थांबलं.
दोन वीसला, अगदी आज्ञाधारकपणे,
उतरायला लागलं.
जिथवर ते चढलं होतं
बरोब्बर तिथवर पत्र्याच्या खपल्या निघालेल्या,
पंजाएवढ्या. म्हणजे येणं-जाणं
बरंच जुनं.
"पूर्वी इथवर येत नव्हतं," पाष्टे म्हणाले.
पूर्वी म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही.

अहवालाचा छापील नमुना आहे.
कारण (एकावर खूण करा):
सांधा निखळणे. वाहिनी जीर्ण.
अन्य संस्थेचे खोदकाम. बेकायदा जोडणी. इतर.
इतरपुढे दीड इंच जागा.
मी लिहिलं: तृतीया.
खोडलं.
लिहिलं: समुद्र.
तेही खोडलं. वरच्यांना
निविदा काढता येईल असा शब्द हवा.

साडेचारपर्यंत ओंडके आणि वाळूच्या गोण्या
पोटाखाली सारल्या, बाळंतिणीला उशा द्याव्यात तशा.
पाच दहाला चावीवाला आला.
त्यानं चावी फिरवली, एकोणतीस फेरे,
आणि पाणी ओंडक्यांवरून
बरकतअली चाळीकडे गेलं.

पाष्टे सळई पुसत होते.
"उद्या चतुर्थी. पाऊणपट तीन.
संकष्टीचा उपास धरत असाल
तर चंद्र बघून, जेवूनच या."