अर्धा मिलिलिटर

रात्रपाळीत माझ्या खिडकीशी
मुलं येत नाहीत, त्यांच्या नळ्या येतात.
जांभळं टोपण, पिवळं टोपण,
पोटावर चिकटवलेली चिठ्ठी:
रिंकल राठवा, वय तीन, खाट सात, व्हेंटिलेटर.

नळी आणतो तिचा बाप.
वॉर्डबॉयची वाट बघत नाही.
तीन जिने उतरतो मूठ मिटून,
आत काजवा असावा तशी,
आणि खिडकीत मूठ उघडतो तेव्हा
नळी कोमट असते.
ऊब त्याच्या तळहाताची की तिची,
मला नाही सांगता येत. यंत्रालाही नाही.

पहिल्या तीन रात्री आकडा शहाण्यासारखा होता,
पॉइंट चार.
चौथ्या रात्री ताप. पाचव्या रात्री
प्रोकॅल्सिटोनिन सहा पॉइंट आठ,
मागून सीआरपी, धापा टाकत, नेहमीसारखं उशिरा.
वर फोन केला. डॉक्टर खंबोळजा म्हणाले,
श्वासासाठी घातलेल्या नळीतूनच
शिरलंय कुणीतरी.

कोण, ते आकडा सांगत नाही.
तो नुसती कडी वाजवतो.
नाव कळायला कल्चरची बशी
दोन दिवस उबेत ठेवावी लागते,
आणि दोन दिवस म्हणजे खाट सातवर
किती श्वास, यंत्राने मोजून दिलेले.
कधी कडी उगाचही वाजते,
ऑपरेशननंतर, नुसत्या वाऱ्याने.
म्हणून मी दोनदा चालवते, मग सही करते.

सहाव्या रात्री नमुना फुटला.
सेंट्रिफ्यूज थांबलं, आणि वरचं पाणी
गवती पिवळं हवं तिथे
कोकमाचं सार.
शीरच सापडत नव्हती, सिस्टर म्हणाली,
तिसऱ्या टोचण्याला मिळालं.
आता चौथं मागायचं.
अर्धा मिलिलिटर,
चहाच्या चमच्याचा दहावा हिस्सा.
फोनवर मी माझं नाव सांगितलं नाही.
म्हटलं, लॅब.

तिला मी पाहिलेलं नाही.
केस कुरळे आहेत का, झोपेत भुवया आवळते का,
काही माहीत नाही.
तरी माझं तिचं नातं रक्ताचंच.

आठव्या रात्री तीन पॉइंट नऊ.
नवव्या रात्री एक पॉइंट दोन,
म्हाताऱ्या माणसासारखा, कठडा धरून उतरणारा.

दहाव्या रात्री नळी आली नाही.
नळी न येण्याचे अर्थ दोनच,
आणि वरचा नंबर मला पाठ आहे.
नाही लावला.
स्लाइडी धुतल्या, रजिस्टरात उद्याच्या रेघा मारल्या,
रावपुऱ्याच्या टॉवरचे ठोके मोजले,
एकदा चार, एकदा पाच.

पावणेसहाला तो खिडकीशी. मूठ मिटलेली.
सवयीने मी हात पुढे केला,
त्यानेही.
उघडली: रेषा, आणि विडीचा पिवळा डाग.
"आजे कंई आपवानुं नथी, बेन,"
म्हणाला, आणि मी काही विचारायच्या आत
वळला जिन्याकडे,
दोन दोन पायऱ्या टाकत, वर.