खारकर आळी, दुसरा मजला

गुप्त्यांचं घर. इमारत पाडायला महिना उरलाय.
मला सगळ्यातलं थोडं थोडं कळतं:
लाकडाचा वास, पितळेचा नाद,
घड्याळांचं जरा जास्त.

म्हणून सांगावं लागलं,
वडिलांचं जर्मन घड्याळ आतून मोरबीचं,
बर्मा सागाचं टेबल वरून साग, खाली प्लाय.
यतीनभाऊ हसले. शर्मिष्ठाताई नाही.
याच टेबलावरून दोघांनी
दोन वर्षं बोलणं टाकलं होतं.

समई, वजनावर.
गालिचा, मशीनचा.
पानाचा डबा; झाकण दुसऱ्याच डब्याचं.

शेवटी माळ्यावरून बरणी निघाली,
चिनी मातीची, एक कान गेलेला,
तोंडाला दादरा. लिहिलं: तीनशे.
आत काय?

"लिंबाचं लोणचं. आत्याबाईंच्या हातचं.
मी दहावीला होते तेव्हाही असंच काळं होतं.
तापात तोंडाची चव गेली
की नखाएवढं मिळायचं."

दादरा सुटला. वास खोलीभर.
यादीत 'वय' असा रकाना असतो,
तिथे पेन टेकवून मी थांबलो.
यतीनभाऊंनी न बोलता तळहात पुढे केला.

"ताप आलाय का तुला?" म्हणत
ताई चमचा शोधायला वळल्या.
चमचे मी सकाळीच मोजून बांधले होते:
अकरा, जर्मन सिल्व्हर.
गाठ सोडली.