पहिला आकडा

मुंबई नाक्याजवळच्या हॉटेलात, तळमजल्याच्या हॉलमध्ये
काल कुणाचं तरी लग्न झालं असावं,
खुर्च्यांना अजून गुलाबी फिती.
आम्ही एकसष्ट वैमानिक, निम्मे युनिफॉर्ममध्ये,
दोघं तर थेट ओझरहून, विमान उतरवून.
कॅप्टन बेहेरे म्हणाले,
मागणीपत्र काल दिलं. व्यवस्थापनानं घेतलं. पोचपावती आहे.
टाळ्या.
मग मागून कुणीतरी विचारलं,
पण त्यात आहे काय?

बेहेऱ्यांनी पाण्याची बाटली उघडली,
न पिताच बंद केली.
योग्य वेळी सांगू, म्हणाले.
आपला आकडा आपल्यातच फुटला तर मग बोलणी कसली?

आमच्या कामात
टॉवर म्हणतो सहा हजार फूट,
मी म्हणते सहा हजार फूट,
तेव्हा कुठे ते सहा हजार होतात.
चाकं? खाली.
दिवे? तीन हिरवे.
शेजारच्याला दिसतंय हे मला दिसतंय
तरी मोठ्यानं म्हणायचं.
आणि इथं माझ्याच विश्रांतीचे तास,
माझ्याच पहाटे साडेतीनच्या गजराची किंमत
एका पाकिटात,
जे समोरच्यानं वाचलंय
आणि मी नाही.

सातपूरला घरी आले तर दादा जागे.
आठ वर्षं कारखान्याच्या युनियनचे चिटणीस,
विश्राम गांगुर्डेंकडून कोपऱ्यावरचा चहावाला
अजून पैसे घेत नाही.
मी म्हटलं, तुम्ही तर गेटवर लावायचात.
लावायचो की. खळ घरीच शिजवायचो,
तुझी आई ओरडायची, पातेलं वाया गेलं म्हणून.
मागण्या सत्तावीस. पहिली पगारवाढ,
शेवटची, कँटीनचा रस्सा घट्ट करा.
शिफ्ट सुटली की एकजण वाचायचा,
रश्शापाशी सगळे एका सुरात.

मग टीव्हीकडे बघत, टीव्ही बंद होता:
गेटवर सहाशे लिहायचो.
खिशात दुसरा कागद असायचा. साडेतीनशे.

कुणाकुणाला ठाऊक होता?

मला. आणि शिंप्याला,
खिसा आतून शिवून घेतला होता ना.

मी हसले. ते नाही हसले.
म्हणाले, लहानपणी बाबांबरोबर घोटीच्या बैलबाजाराला गेलो होतो.
उपरण्याखाली दोन हात,
आत बोटं दाबून सौदा चाललेला,
वर दोघं पावसापाण्याचं बोलताहेत.
जनावर भर उन्हात उभं, सगळ्यांनी दात मोजलेले.
भाव तेवढा झाकलेला.

आणि बैलाला?
मी विचारलं.

दादांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा घालायचं विसरून
हातातच धरून बसले.

साडेतीनचा गजर.
ओझरला धावपट्टीच्या कडेच्या गवतावर दव,
डावीकडच्या सीटवर, रोस्टरची कृपा,
बेहेरे.
त्यांनी यादी वाचली, मी उत्तरं दिली,
एकही ओळ गाळली नाही आम्ही.
चांदवडचे डोंगर खाली गेले,
दहा हजार फुटांच्या वर बोलायची मुभा असते,
तरी बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग ढगाकडे बघत ते म्हणाले,
मूळ पगारावर बावीस टक्के.
दोन ड्युट्यांमध्ये चौदा तास.
कुणाला बोलू नकोस.

आणि मी, कसम,
मुद्दाम नाही,
अकरा वर्षांची जीभ आपसूक वळली:
मूळ पगारावर बावीस टक्के.
दोन ड्युट्यांमध्ये चौदा तास.
स्पष्ट, ठणठणीत,
डोक्यावरच्या पॅनेलमधल्या
इवल्याशा माइकला ऐकू जाईल अशी.

बेहेऱ्यांनी वर पाहिलं, माइककडे.
मग त्यांचीही जीभ
छत्तीस वर्षांची.
बरोबर, म्हणाले.