नमुने

बँडचं नाव ‘स्पेसिमेन्स’.
आईला फोनवर उलगडून सांगितलं, म्हणजे नमुने,
तर म्हणाली, ते दिसतंच आहे.

हल शहरातल्या इस्पितळाचं तळघर.
तिथे निवृत्त सेंट्रिफ्यूज चादरी पांघरून बसलेत,
त्यांच्यासमोर दर गुरुवारी सहाला आम्ही.
ड्रमवर डोरीन, स्वागतकक्षातली;
दिवसभर गोड बोलल्याची भरपाई तिथे करते.
झ्बिग्नेव रक्तपेढीचा, गिटारला पाच तारा.
सहावी तुटून दीड वर्ष झालं,
तिची अजून कुणी चौकशी केली नाही म्हणतो.
फोलासादे ट्रॉल्या ढकलते, आणि गाते;
आम्हाला ती लिफ्टमध्ये सापडली, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामध्ये.
आणि ग्विलिम, रक्त काढणारा,
त्याच्याकडे आजोबांचा ट्रॉम्बोन,
कोळशाच्या खाणीतल्या बँडमधला, एका अंगाला पोचा गेलेला.
फुंकण्याआधी तो आमच्याकडे बघून
पेशंटला म्हणतो तेच म्हणतो:
थोडंसं टोचेल हं.

मी कीबोर्डवर. दोन बोटं, फार तर अडीच.
संगमनेरच्या शाळेत समूहगीताला
बाईंनी मागच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं,
पिंगळे, तू फक्त ओठ हलव.
इथे माझ्या आडनावातला ळ कुणाला झेपत नाही.
ग्विलिमला पहिल्याच दिवशी जमला.
आमच्या वेल्श भाषेत, म्हणाला,
याच्याहून अवघड ल असतो, आणि शब्दात दोनदा येतो.

एकच गाणं धड येतं आम्हाला. डिसेंबरात कँटीनमध्ये वाजवायचं,
उकडलेल्या वाटाण्यांच्या वासात.
शेवटी सगळ्यांनी एकदम थांबायचं आहे.
आजवर कधी थांबलो नाही.
कुणीतरी उरतोच. बहुतेक मी.

त्या गुरुवारी साडेचारला नळी आली, जांभळ्या टोपणाची.
नावं आम्ही वाचत नाही, आकडे वाचतो.
यंत्राने आकडा दिला. परत लावली नळी,
परत तोच.
काच रंगवून भिंगाखाली धरली:
पांढऱ्या पेशीच पेशी, कोवळ्या, सगळ्या एका चेहऱ्याच्या,
शाळा सुटताना फाटकात अडकलेल्या पोरांसारख्या.
मग जन्मतारीख पाहिली. एक मार्च.
त्या दिवशी कोटाला पिवळं फूल लावून
दरवर्षी केक कोण आणतं, ते मला माहीत आहे.

वरिष्ठांना दाखवलं. डॉक्टरांना फोन केला.
नियमाप्रमाणे आकडा त्यांच्याकडून परत म्हणवून घेतला.
वेळ लिहिली, पाच चाळीस. सही केली.
हात धुतले. बराच वेळ धुतले.

सहाला ग्विलिम खाली आला,
म्हणाला, या जिन्याला पायऱ्या वाढवल्यात की काय कुणी.
डोरीन हसली. मी ओठ हलवले.

तोंडात मिठाची गुळणी म्हणतात
ती खारट असते हे कुणी सांगत नाही.

दुसऱ्या कडव्याला ट्रॉम्बोनच्या उघड्या पेटीत,
लाल मखमलीवर,
त्याचा मुका केलेला फोन उजळला. विझला.
उजळला.
माझ्याशिवाय कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.
मला जेवढं बोलायची परवानगी होती
तेवढं मी बोलले:
ग्विलिम, तुझा फोन.

त्याने मान वळवून पाहिलं, भुवया उडवल्या,
एवढं संपवू दे, म्हणाला,
आणि फुप्फुसं भरून घेतली.

मी अडीच बोटांनी
त्याच चार पट्ट्यांवर घुटमळत राहिले,
पुढच्या ओळीला जाईना.
डोरीनने एकदा रागाने पाहिलं,
मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं,
आणि तीही माझ्यासोबत मागे राहिली.
झ्बिग्नेव राहिला. फोलासादेने तीच ओळ पुन्हा घेतली,
पुन्हा. पेटीत उजेड येत होता, जात होता.
ट्रॉम्बोनचा दांडा लांब, आणखी लांब गेला.

मग आम्ही थांबलो.
सगळे एकदम.

अरे, म्हणाला ग्विलिम, जमलं की.
आणि फोन उचलायला वाकला.