फेरपडताळणी

बोटानं एक पारडं हलकंच दाबायचं
आणि सोडून द्यायचं.
काटा थोडा डुलतो, इकडं, तिकडं,
मग आपल्या जागी येऊन उभा राहतो.
नाही आला, तर तराजू नापास.
एकतीस वर्षं मी एवढंच केलं,
इतवारीत, गांधीबागेत, कळमन्याच्या यार्डात,
खाकी थैलीत प्रमाण वजनं घेऊन.

धंतोलीतल्या डॉक्टरानं मागं उभं राहून
माझे खांदे धरले.
म्हणाला, ओढतो हं, पडू देणार नाही.
ओढलं.
मी मागं गेलो, एक पाऊल, दोन, तीन, चार,
पाचवं सापडलंच नाही.
त्यानं झेललं मला, मग कागदावर काहीतरी लिहिलं.
काय ते मी विचारलं नाही.
नापास लिहिताना माझाही चेहरा असाच असायचा.

हाताचं थरथरणं लोकांना दिसतं.
कपबशी वाजते, कुंदा ती हळूच काढून घेते.
पडणं आधी दिसत नाही.
ते वळताना येतं.
कुणी मागून हाक मारली, ‘उमाठे साहेब’,
मान वळते, कंबर विचार करते,
पाय अजून जुन्याच दिशेला,
फाईल पुढं सरकत नाही.
आता मी ओ देतो, वळत नाही.
मोहल्ल्यात बोलतात, म्हातारा तिरसट झाला.

दारांचं वेगळंच.
बैठकीतून मोरीपर्यंत बारा पावलं,
मध्ये उंबरठासुद्धा नाही, नुसती चौकट.
चौकटीत आलो की फरशी तळवे धरते.
‘चला ना जी, काहून थांबले?’
काय सांगू तिला,
थांबलो नाही मी,
माझा वरचा अर्धा केव्हाच निघालाय.

आफरीन येते मोमीनपुऱ्याहून,
डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात गुंडाळून, स्कूटीवर.
तिनं चौकटीपुढं पिवळ्या टेपचे पट्टे चिकटवले.
‘अंकल, चालू नका. पट्टा ओलांडा. आणि मोजा.’
एक, दोन, तीन काही जमेना.
मग तोंडात आपोआप आलं:
पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे, किलो
आणि पाय उचलला गेला!
आता घरात दिवसभर वजनं चालतात.
मोरीपर्यंत तीन किलो आठशे पन्नास.
रोज तेवढंच भरतं.

मे महिन्यात कुंदाबरोबर इतवारीत गेलो,
नको नको म्हणत असताना.
झुंबरलालच्या दुकानात.
चौऱ्याण्णव साली त्याच्या पारड्याच्या बुडाला
सुपारीएवढी चिंच काढली होती मी,
तराजू जप्त, वर दंड.
तेव्हापासून त्यानं नमस्कार सोडला.
आता तिथं लाल आकड्यांचा काटा,
बटण दाबलं की शून्य.
पायरीवर उभा राहून मी पाकीट काढायला गेलो
आणि तेवढ्यानं,
पाकीट आणि उभं राहणं, दोन कामं एकाच वेळी,
मागं निघालो.
किलो, पाचशे, दोनशे,
उलटे.

काखेत एक हात आला.
हळद-धन्याचा वास.
दोघंही थोडे डुललो, इकडं, तिकडं.
तो कानाशी म्हणाला,
‘साहेब, कोणत्या पारड्याले चिंच लागली?’

मी हसलो.
चेहऱ्यावर आलं नाही ते, हल्ली येत नाही.
त्याला वाटलं असेल, जुना राग.
सांगायला तोंड उघडेस्तोवर
त्यानं पायानं स्टूल सरकवलं, मला बसवलं,
आणि गिऱ्हाइकाकडं वळला
एका झटक्यात,
माझ्याच वयाचा माणूस,
खांदे, कंबर, पाय, सगळं सोबत.

पुन्हा एकदा वळून दाखवा ना जी,
म्हणावंसं वाटलं.