बांबोळीहून परतताना

मुलाखत सात मिनिटांची.
वाळपईच्या बसमध्ये बसलो
तेव्हा टाय खिशात होता.

फोंड्यापर्यंत मसुदा चार वेळा बदलला.
'आदरणीय मॅडम' खोडून 'डॉ. कुंकळ्येकर मॅडम'.
'तुमचाच विभाग माझी पहिली पसंती',
हे मंगळवारी बेळगावला पाठवून झालंय,
म्हणून काढलं.
उरलं नुसतं 'आभारी आहे'.

खांडेपारच्या पुलावर दोन निळ्या खुणा.
मग नावाखाली: टाइप करत आहेत…
थांबलं.
परत टाइप करत आहेत…

होंड्याला रेंज गेली.

आईनं विचारलं, काय म्हणाल्या?
म्हटलं, काहीतरी म्हणणार होत्या.

तिनं खिडकीतल्या वाळत्या मिरच्या उचलल्या
आणि माझा फोन तिथं ठेवला.
घरात रेंज
तेवढ्या वीतभर जागेतच येते.