आधी उजेड का

किसुमूच्या आमच्या चर्चमध्ये
डावीकडचे पहिले दोन बाक बहिऱ्यांचे.
मी त्यांच्यासमोर उभी राहते, पास्टर ओगुटूकडे पाठ करून,
आणि त्याचं बोलणं हातांनी सांगते.
आई-बाप दोघंही बहिरे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.
पगार नाही. कधीमधी मासळी मिळते.

त्या रविवारी वाचन शब्दापाशी आलं,
जगाच्याही आधीच्या त्या शब्दापाशी.
आमच्या खुणांत शब्द म्हणजे
अंगठा आणि तर्जनी, मध्ये चिमूटभर जागा.
जाळी विणणारा म्हातारा ओडेरा हसायलाच लागला.
एवढासा?
आणि त्याच चिमटीने त्याने कालवणात मीठ टाकलं.
अख्खा बाक हसला.
पास्टर वाचता वाचता थांबला.

मी खूण बदलली, ओठांपाशी नेली.
ओडेराने मान हलवली. तोंड तुमचं.
मग कानाला बोट लावलं:
आम्ही कुठे होतो तेव्हा?

मला काही सुचेना.
पोथीत जे नाही
ते मी हातात कुठून आणू?

बुधवारी संध्याकाळी अभ्यासाच्या मध्येच वीज गेली.
ऐकणारे अंधारात गात राहिले, सूर न चुकवता.
आमचं वाक्य मात्र कर्त्यापाशीच तुटलं.
कुणीतरी माझा हात धरला, दोऱ्याने कापलेल्या बोटांनी,
तळव्यावर काही गिरवू लागला. कळेना.
मग वॉचमनने कंदील आणला.

ओडेरा उभा होता.
त्याने अंधार दाखवला. पाणी दाखवलं,
पहाटे तीनचं, सरोवराचं, वरून वारा.
पाण्यावर दोन हात, काहीतरी सांगणारे,
खूप वेळ.
बघायला कोणी नाही, दिसत तर काहीच नाही.
हात दमले. खाली आले.
मग त्याने कंदिलाकडे बोट केलं.

म्हणून आधी उजेड.
सूर्य, मासे, माणसं, ते सगळं मागाहून.
बोलायचं होतं त्याला.

काय म्हणतोय? पास्टरने विचारलं.
मी सांगितलं. तोंडाने सांगताना ते जरा लहान झालं.
तो चष्मा पुसत राहिला.
असं कुठे लिहिलेलं नाही, म्हणाला.

तेही मी ओडेराला सांगितलं.
त्याने खांदे उडवले.
उजेड लिहिलाय. का, ते लिहिलं नाही.
जाळं म्हणजे तरी काय, बरीचशी भोकंच.
मासे त्यानेच धरतो आपण.

पुढच्या रविवारी त्या ओळीला
मी नुसता हात वर धरला, उघडा, खिडकीच्या उन्हात.
पाठीमागे पास्टर
पुढची ओळ वाचायला थोडा थांबला.